डीएनएसमध्ये एकाच आयपीवर चार-चार नावं, काल चुकीचं मशीन रिस्टार्ट केलं

दादर_पश्चिम | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

दादरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी सिस्टीमचं काम बघते. मुख्य जागा दादरला, शिवाय मुलुंड, चेंबूर आणि बोरिवलीला कलेक्शन सेंटर. सगळे मिळून ९० कॉम्प्युटर. त्यांच्यामागे मी आणि अर्धा दिवस येणारा एक मुलगा. विंडोजचं डोमेन आहे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरची खाती एकाच सर्व्हरच्या ताब्यात. डीएनएस (नावावरून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी (कॉम्प्युटरना ते पत्ते वाटणारी सेवा) दोन्ही त्याच सर्व्हरवर.

काल दुपारी सॅम्पल काउंटरवरून फोन आला. "ताई, लॅपटॉप-११ वर बारकोडचं सॉफ्टवेअर अडकलंय, कीबोर्डच घेत नाही, बाहेर लाइन लागलीये." बटण दाबून मशीन बंद करायचं नाही हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. म्हणून मी व्हीएनसीमध्ये (दुसरं मशीन लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) लॅपटॉप-११ नाव टाकलं, कनेक्ट झाले, समोर लॉक स्क्रीन आली. काउंटरवाल्यांनी लॉक केला असेल असं वाटलं. लॉक स्क्रीनवरूनच रिस्टार्ट दिला.

दोन मिनिटांत सोनोग्राफीच्या खोलीतून फोन. रिस्टार्ट झालं होतं ते सोनो-०२. डॉक्टर मॅडम पुढच्या पेशंटला तपासायला पडद्याआड गेल्या होत्या, जाताना स्क्रीन लॉक करून गेल्या होत्या, आणि आधीच्या पेशंटचा रिपोर्ट अर्धा टाइप करून ठेवला होता. मापं सोनोग्राफी मशीनमध्ये होती म्हणून वाचली, टाइप केलेला मजकूर मात्र गेला. ती पेशंट आठव्या महिन्यातली, कल्याणहून ट्रेनने आलेली. रिपोर्टसाठी तिला आणखी पाऊण तास बाकावर बसावं लागलं. मी जाऊन तिची आणि मॅडमची माफी मागितली. पण हे पुन्हा होता कामा नये, आणि का झालं ते मला मुळापासून समजून घ्यायचंय.

संध्याकाळी तपासलं. लॅपटॉप-११ हे नाव विचारलं की डीएनएस १९२.१६८.१०.८४ सांगतो. उलटं, .८४ चं नाव विचारलं की सोनो-०२ सांगतो, आणि ते बरोबर आहे. मग फॉरवर्ड झोन (नावावरून पत्ता सांगणारी यादी) उघडून आयपीप्रमाणे लावला, तर .८४ वर चार नावं! लॅपटॉप-११, सोनो-०२, दीड वर्षापूर्वी भंगारात दिलेलं रिसेप्शन-०३, आणि विंडोज टाकल्यावर आपोआप पडतं तसलं डेस्कटॉप-अमुकतमुक. कॉम्प्युटर ९० आणि झोनमध्ये ए रेकॉर्ड (कुठल्या नावाचा पत्ता काय, याच्या एंट्री) २३१.

थोडा इतिहास सांगते. दादरला वायर आणि वायफाय एकाच नेटवर्कवर आहेत, डीएचसीपीचा पूल २०० पत्त्यांचा. गेल्या वर्षी पेशंटना वायफाय दिलं आणि पूल संपायला लागला. सकाळी कॉम्प्युटर सुरू केले की काहींना पत्ताच मिळेना. तेव्हा बाहेरून आलेल्या कन्सल्टंटने लीज (दिलेला पत्ता एका मशीनकडे किती वेळ राहतो ती मुदत) ८ दिवसांवरून ८ तासांवर आणली. पत्ते पुरायला लागले, पण माझ्या अंदाजाने नावांचा घोळ तेव्हापासूनच वाढला.

सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑटोमॅटिक स्कॅव्हेंजिंगवर (जुन्या एंट्री आपोआप झाडून टाकणं) खूण आहे, ७ दिवस लिहिलंय. मग साफ का होत नाही? लीज ८ तासांची आहे म्हणून स्कॅव्हेंजिंगही ८ तासांवर आणायचं का? आणि मला खरी भीती वाटते ती हाताने डिलीट करण्याची. दोन वर्षांपूर्वी एजन्सीच्या माणसाने "या जुन्या दिसतायत" म्हणून झोनमधल्या बऱ्याच एंट्री उडवल्या होत्या. त्यात बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरला जोडलेल्या कॉम्प्युटरचीही गेली. सकाळची उपाशीपोटीची सगळी सॅम्पल्स तयार, आणि निकाल सॉफ्टवेअरमध्ये उतरेनात. तो दिवस मी विसरलेली नाही.

चेंबूर_नाका | ३ जुलै, रात्री १०:१५

ताई, आधी व्हीएनसीबद्दल, कारण धोका खरा तिथे आहे. व्हीएनसी नावावरून आयपी काढतो आणि थेट त्या आयपीवर जातो. समोर कोण आहे याची खात्री करत नाही, आणि सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर कुठेही आत शिरतो. डोमेनमधली विंडोजची स्वतःची साधनं कर्बेरॉस (तिकिटाने ओळख पटवायची पद्धत) वापरतात. त्यात तिकीट लॅपटॉप-११ च्या नावाचं निघतं. ते सोनो-०२ ला उघडताच येत नाही, म्हणून 'टार्गेट प्रिन्सिपल नेम चुकीचं आहे' अशा अर्थाची एरर येऊन काम तिथेच थांबतं. ही एरर कुठे दिसली तर माझा पहिला संशय जुन्या डीएनएस एंट्रीवरच असतो.

उद्याच्या उद्या करण्यासारखं म्हणजे बीजीइन्फो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं फुकट टूल आहे, कॉम्प्युटरचं नाव आणि आयपी वॉलपेपरवर मोठ्या अक्षरात लिहितं. लॉक स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून लॉक स्क्रीनवरून रिस्टार्ट द्यायचाच नाही असा नियम ठेवा.

लीज परत ८ दिवसांवर न्या, बाकी आपोआप निवळेल असं मला वाटतं.

मुलुंडकर_काका | ३ जुलै, रात्री ११:५०

चेंबूरवाल्यांचं व्हीएनसीबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. पण नुसती लीज वाढवून निवळणार नाही. फोनमुळे पूल पुन्हा संपेल आणि जुन्या एंट्री तशाच राहतील. शांतपणे एकेक बघू.

तुमचा रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव सांगणारी यादी) स्वच्छ आणि फॉरवर्ड घाण, ही मोठी खूण आहे. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये काम वाटलेलं असतं. ए एंट्री मशीन स्वतः नोंदवतं आणि पीटीआर, म्हणजे रिव्हर्स झोनमधली एंट्री, डीएचसीपी सर्व्हर नोंदवतो. लीज संपली की डीएचसीपी आपण केलेली पीटीआर काढून टाकतो. ए एंट्री त्याने केलेलीच नसते, म्हणून तिला तो हात लावत नाही. मशीन बंद पडून असलं तर ती काढणार कोण? ती बसते तशीच. इकडे ८ तासांत पत्ता मोकळा होऊन दुसऱ्याला जातो. पत्ता फिरतोय तासांच्या हिशोबाने आणि नाव चिकटलंय कायमचं, म्हणून एका पत्त्यावर चार नावं.

आता स्कॅव्हेंजिंग का चालत नाही ते. त्याच्या खुणा दोन जागी लागतात. एक सर्व्हरवर, ती तुम्ही पाहिलीत. दुसरी झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'एजिंग' बटणाच्या आत. माझी खात्री आहे की तिथे खूण नसेल. सर्व्हर झाडू घेऊन दर ७ दिवसांनी निघतो, पण एकाही झोनचं दार उघडं नाही. इव्हेंट लॉगमध्ये डीएनएसखाली २५०२ शोधा, म्हणजे फेरी झाली आणि काहीच निघालं नाही. २५०१ म्हणजे काहीतरी निघालं.

आत दोन मुदती असतात, नो-रिफ्रेश आणि रिफ्रेश, दोन्ही मुळात ७-७ दिवस. माझ्या वडिलांच्या पेन्शनवरून सांगतो. दर नोव्हेंबरात ते बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात. दाखला दिला की वर्षभर पेन्शन चालू, मधल्या महिन्यांत कुणी विचारत नाही. नोव्हेंबरात दिला नाही तर पेन्शन थांबते. डीएनएस एंट्रीवरचा टाइमस्टॅम्प म्हणजे शेवटच्या दाखल्याची तारीख. नो-रिफ्रेश म्हणजे 'आत्ताच दिलाय, इतक्यात परत नको' हा काळ. तेवढे दिवस सर्व्हर नुसता ताजेपणा लिहून घेत नाही, म्हणजे डोमेन कंट्रोलरांमध्ये (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरांमध्ये) उगाच रेप्लिकेशन, म्हणजे बदलांची देवाणघेवाण होत नाही. आयपी बदलला असेल तर तो बदल मात्र कधीही घेतो. रिफ्रेश म्हणजे दाखल्याची खिडकी उघडी असण्याचा काळ. तीही उलटली आणि दाखला आला नाही, तर एंट्री काढायला मोकळी. त्यावर सर्व्हरची फेरी कधी येते तो वेळ. सगळं मूळ सेटिंगवर ठेवलं तर मेलेली एंट्री २१ दिवसांपर्यंत राहू शकते.

हाताने घातलेल्या एंट्रीवर टाइमस्टॅम्प नसतो, शून्य असतो. तिच्याकडे कुणी दाखला मागत नाही, म्हणून ती स्कॅव्हेंजिंगमध्ये जात नाही. तुमच्या प्रिंटरच्या एंट्री अशा असतील तर त्या सुरक्षित आहेत.

८ तासांवर स्कॅव्हेंजिंग आणू नका, कृपा करून. विंडोज मशीन साधारण दर २४ तासांनी आपली एंट्री ताजी करतं. खिडकी त्याहून लहान केलीत तर चालू मशीनच्या एंट्रीही उडतील. स्कॅव्हेंजिंग लीजच्या मागे पळवायचं नाही, लीज त्याच्याइतकी लांब करायची. पत्ता दुसऱ्याला जाण्याआधी जुनं नाव गेलेलं असावं, एवढंच साधायचंय. नो-रिफ्रेश ३ दिवस, रिफ्रेश ४ दिवस, सर्व्हरची फेरी रोज १. म्हणजे शेवटच्या दाखल्यापासून फार तर ८ दिवसांत नाव जाईल. लीज ८ दिवस. तुमची मशीन रोज सकाळी सुरू होतात, तेव्हाच लीज ताजी होते, म्हणून हा हिशोब जमतो.

पण त्यासाठी फोन वेगळे काढावे लागतील. वीस मिनिटं रक्त द्यायला आलेल्या माणसाचा फोन ८ दिवस पत्ता अडवून बसत होता, हे तुमच्या पूल संपण्याचं कारण. पेशंटच्या वायफायला वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि वेगळा स्कोप (डीएचसीपीने वाटायच्या पत्त्यांचा गट) द्या. तिथे लीज २ तासांची ठेवा, हवं तर एका तासाची. त्या फोनना तुमच्या डीएनएसमध्ये नाव लागतच नाही. आणि अनोळखी फोन सोनोग्राफीच्या कॉम्प्युटरबरोबर एकाच नेटवर्कवर असणं हे तसंही बरं नाही.

आता क्रम, आणि हा पाळा.

आधी झोन फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा. मग सर्व्हरवरची स्कॅव्हेंजिंगची खूण काढा. हो, काढा. त्यानंतर झोनवर एजिंग चालू करा, ३ आणि ४ दिवस. आणि थांबा, आठवडाभर काहीही डिलीट करू नका. झोनवर एजिंग बंद असतं तेव्हा जिवंत मशीनचे दाखले टाइमस्टॅम्पमध्ये धड उतरत नाहीत. त्यामुळे आत्ता दिसणाऱ्या तारखांवरून जुनं-नवं ठरवू नका. त्या एजन्सीच्या माणसाने बहुतेक हेच केलं. आठवड्यानंतर ७ दिवसांहून जुना टाइमस्टॅम्प असलेल्या एंट्रींची यादी पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड लिहायच्या साधनाने) काढा, छापा आणि एकेक नाव पेनने तपासा. यादीत एखादं जिवंत मशीन निघालं, तर ते दाखला का देत नाही याचं कारण शोधा. कारण सापडल्याशिवाय सर्व्हरची खूण परत लावू नका.

'एज ऑल रेकॉर्ड्स' नावाचा एक प्रकार आहे, तो चालवू नका. तो हाताने घातलेल्या एंट्रींवरही टाइमस्टॅम्प टाकतो. मग प्रिंटरपासून सगळं रांगेत उभं राहतं.

शेवटचं. लॅपटॉप-११ काल चालू होता ना? चालू असलेलं मशीन स्वतःची एंट्री स्वतः दुरुस्त करतं. मग त्याची का झाली नाही? तो मधे फॉरमॅट करून परत डोमेनमध्ये घेतला होता का? डीएनएस कन्सोलमध्ये व्ह्यू खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' लावा आणि त्या एंट्रीच्या सिक्युरिटीमध्ये मालक कोण आहे ते बघा.

दादर_पश्चिम | ४ जुलै, सकाळी ११:०५

काका, तुम्ही म्हणालात तसंच आहे. झोनच्या एजिंगमध्ये खूण नाही. लॉगमध्ये दर आठवड्याला २५०२, ओळीने.

आणि लॅपटॉप-११! मे महिन्यात त्याची हार्ड डिस्क गेली होती. नवीन एसएसडी टाकली, विंडोज टाकलं, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं (डोमेनच्या खात्यांच्या यादीतलं) जुनं कॉम्प्युटर अकाउंट डिलीट करून त्याच नावाने परत जोडला. एंट्रीचा मालक बघितला तर नावाऐवजी एस-१-५ ने सुरू होणारा लांबलचक आकडा आहे.

म्हणजे नाव तेच, पण डोमेनच्या लेखी तो वेगळाच कॉम्प्युटर, आणि जुन्याच्या नावावरची एंट्री त्याला बदलता येत नाही. बरोबर समजले ना? मेपासून तो बिचारा रोज प्रयत्न करत असणार आणि सर्व्हर नाही म्हणत असणार.

मुलुंडकर_काका | ४ जुलै, दुपारी १:३०

अगदी बरोबर. सिक्युअर अपडेट असलं की एंट्री बदलण्याचा हक्क मालकाचा, आणि मालक नावावरून ठरत नाही, अकाउंटच्या आकड्यावरून ठरतो. ती एकच एंट्री आज हाताने डिलीट करा, लॅपटॉपवर आयपीकॉन्फिगचं रजिस्टर-डीएनएस (स्वतःची एंट्री परत नोंदवायची कमांड) चालवा, नवीन एंट्री योग्य मालकासह येईल. पुढे कधी मशीन फॉरमॅट केलंत तर शक्यतो अकाउंट डिलीट न करता रीसेट करा. आकडा तोच राहतो आणि हा प्रश्नच येत नाही.

डिलीट केल्यावर तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची कॅश (डीएनएसची साठवून ठेवलेली उत्तरं) रिकामी करायला विसरू नका. विंडोज मशीन स्वतः नोंदवतं त्या एंट्रीचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) मुळात २० मिनिटांचा असतो. तेवढा वेळ जुनंच उत्तर मिळत राहील आणि काम झालं नाही असं वाटेल.

भांडुप_स्लो | ४ जुलै, रात्री ८:२०

काकांच्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण दुसरा रस्ताही आहे. आमच्याकडे लीज लांब करता येत नाही, लोक सतत येतात-जातात. म्हणून आम्ही ए आणि पीटीआर दोन्ही नोंदवायचं काम डीएचसीपीलाच दिलंय. स्कोपच्या डीएनएस टॅबमध्ये 'नेहमी अपडेट करा' असा पर्याय आहे. मग लीज संपली की दोन्ही तोच काढतो, आणि स्कॅव्हेंजिंग फक्त उरलंसुरलं झाडायला राहतं.

हे करताना डीएचसीपीला अपडेटसाठी स्वतंत्र, साधं अकाउंट द्यायलाच हवं. विशेषतः तुमच्यासारखा डीएचसीपी डोमेन कंट्रोलरवरच असेल तेव्हा. नाहीतर तो कंट्रोलरच्या अधिकाराने लिहितो, आणि कुणी लॅपटॉपला सर्व्हरचं नाव ठेवून नेटवर्कवर आणला तर सर्व्हरचीच एंट्री बदलून टाकू शकतो. डीएचसीपी सर्व्हर दोन असतील तर दोघांनाही तेच अकाउंट द्या, नाहीतर एकाने केलेली एंट्री दुसऱ्याला काढता येत नाही.

अडचण एवढीच, की आजच्या सगळ्या ए एंट्रींची मालकी त्या त्या मशीनकडे आहे. डीएचसीपीच्या नव्या अकाउंटला त्या बदलता येणार नाहीत. बदलायचं ठरवलंत तर एकेक शाखा घेऊन जुन्या एंट्री काढून मग मशीन सुरू करावी लागतील. ९० मशीन आणि एकटं माणूस असेल तर मी आधी काकांचाच रस्ता धरेन.

माटुंगा_होस्टेल | ४ जुलै, रात्री ११:१०

विंडोजचा विषय आहे, तरी थोडं लिनक्सकडचं सांगतो, कदाचित पेशंटच्या वायफायसाठी उपयोगी पडेल. होस्टेलला आम्ही डीएनएसमास्क वापरतो. त्यात डीएचसीपी आणि डीएनएस एकाच प्रोग्रॅममध्ये आहेत. नाव लीजच्या फाइलमधूनच येतं, लीज गेली की नावही गेलं. वेगळी सफाई लागतच नाही. पेशंटच्या व्हीलॅनला असला छोटा डबा लावलात तर डोमेनच्या डीएनएसवर त्याचा काही भार येणार नाही.

मोठ्या नेटवर्कवर आम्ही आयएससी या संस्थेचा डीएचसीपी आणि बाइंड हा डीएनएस सर्व्हर वापरायचो. त्या डीएचसीपीची देखभाल आयएससीने २०२२ च्या अखेरीस थांबवली, म्हणून आता किया, त्यांचाच नवा डीएचसीपी सर्व्हर. तिथे मालकीचा प्रश्न डीएचसीआयडी नावाच्या रेकॉर्डने सोडवलाय. नावाशेजारी त्या क्लायंटचा ठसा ठेवला जातो, आणि ठसा जुळला तरच बदल होतो. तुमच्या लॅपटॉप-११ ला जे झालं ते नेटवर्क कार्ड बदललं की तिथेही होऊ शकतं.

दादर_पश्चिम | १४ जुलै, संध्याकाळी ७:१५

७ तारखेला, रविवारी, काकांच्या क्रमाने सुरुवात केली. एक्सपोर्ट घेतला, सर्व्हरची खूण काढली, झोनवर ३ आणि ४ दिवस लावले. मग आठवडाभर हात आवरून बसले, आणि ते सोपं नव्हतं. .८४ कडे रोज बघत होते.

आज परत रविवार. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक, त्यात पाऊस, डोंबिवलीहून पोचायला दोन तास लागले. सेंटर बंद असल्यामुळे व्हीलॅनचं काम निवांत झालं. पेशंटच्या वायफायला वेगळा स्कोप, लीज २ तास. आतल्या नेटवर्कची लीज परत ८ दिवस.

आणि यादी काढली. ७ दिवसांहून जुन्या १२७ एंट्री. छापून, पट्टी धरून एकेक नाव तपासलं. बहुतेक मेलेलीच आहेत: भंगारातली मशीन, बदललेली नावं, नोकरी सोडून गेलेल्यांचे लॅपटॉप. पण तीन जिवंत निघाली.

पहिली बघितली आणि हातपाय गार झाले. बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरचा तोच कॉम्प्युटर. त्याला आयपी स्थिर आहे, म्हणून एंट्रीही स्थिर असेल असं मी धरून चालले होते. पण 'जुनी झाल्यावर ही एंट्री काढून टाका' यावर खूण होती, आणि नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'या कनेक्शनचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदवा' ही खूण कुणीतरी काढलेली. म्हणजे दाखला द्यायची सोय बंद आणि दाखला मागणारा तयार. सर्व्हरची खूण आधी काढायला लावली नसतीत तर याच आठवड्यात ती एंट्री परत गेली असती. आता ती हाताने, टाइमस्टॅम्पशिवाय घातलीय.

बाकी दोन बोरिवलीची. दोन्ही रोज चालू असतात, तरी दाखला नाही. फोनवर तिथल्या मुलीकडून नेटवर्कची सेटिंग वाचून घेतली, तर डीएनएस सर्व्हरच्या जागी ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) हाताने टाकलेला! इंटरनेट हळू आहे म्हणून कुणीतरी टाकला असणार. आमच्या डोमेनचा पत्ता त्या मशीनना कळतच नव्हता. बोरिवलीला सकाळी लॉगइन व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात ही तक्रार मी कित्येक महिने ऐकतेय. केबल बदलली, स्विच बदलला. उत्तर इथे होतं.

आता विचारते: या तिन्हींची कारणं सापडली, मग खूण आज लावू की अजून थांबू?

मुलुंडकर_काका | १४ जुलै, रात्री ९:००

आणखी एक आठवडा थांबा. बोरिवलीची दोन मशीन दाखला देऊ लागलेली दिसू देत. १२४ मेलेल्या एंट्री इतके महिने राहिल्या, त्या आठवडाभराने काही बिघडवणार नाहीत. व्हीएनसीच तेवढं सांभाळून वापरा.

पट्टी धरून यादी तपासलीत हे फार चांगलं केलंत.

दादर_पश्चिम | २४ जुलै, रात्री १०:३०

२१ तारखेला, रविवारी, परत एकदा यादी काढली. बोरिवलीची दोन्ही आणि अ‍ॅनालायझर त्यात नव्हते. सर्व्हरची खूण लावली, फेरी रोजची ठेवली, आणि पहिली फेरी हातानेच सुरू केली. लॉगमध्ये २५०१ आला, १२४ एंट्री गेल्या. उरल्या १०७: ९० कॉम्प्युटर आणि बाकी सर्व्हर, प्रिंटर. सोमवारी सकाळी साडेसहाला मी सेंटरवर हजर होते, उपाशीपोटीची सॅम्पल्स सुरू व्हायच्या आधी. निकाल उतरले. बोरिवलीचं लॉगइन अर्ध्या मिनिटात होतंय, तिथल्या मुलीने स्वतः फोन करून सांगितलं.

.८४ वर आता एकच नाव आहे.

भांडुपचे, तुमचा रस्ता लिहून ठेवलाय. दिवाळीनंतर नवीन सर्व्हर येणार आहे, तेव्हा स्वतंत्र अकाउंट देऊन एका शाखेवर करून बघेन. चेंबूरचे, बीजीइन्फो सगळीकडे बसवलं, व्हीएनसीचे पासवर्डही खोलीप्रमाणे वेगळे केले. डॉक्टर मॅडमना काय झालं होतं ते कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "मग माझ्या मशीनला कायमचा पत्ता का देत नाही?" रास्त प्रश्न होता. सोनोग्राफीच्या दोन्ही मशीनना डीएचसीपीमध्ये रिझर्व्हेशन करून दिलं.

आमच्याकडे येणारा मुलगा आता काउंटरवरून फोन आला की आधी वॉलपेपरवरचं नाव आणि आयपी मोठ्याने वाचायला सांगतो, स्वतः डीएनएसला विचारून जुळवतो, आणि मगच माऊसला हात लावतो.